दुभत्या घरात दुधाची ॲलर्जी

पंचगंगेच्या पलीकडं, करवीर तालुक्यात आमचं गाव. इथं दारात म्हैस नसलेलं घर शोधावं लागतं. शहरात गेलात तरी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं फेसाळ दूध उभ्याउभ्या पिणारी माणसं दिसतील. मामंजी तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळं नातू झाला तेव्हा त्याच्या वाटणीची म्हैस त्यांनी आधीच ठरवून टाकली होती. अशा घरात 'पोराला दूध चालत नाही' हे सांगणं आणि पचवणं दोन्ही जड गेलं. कोल्हापूर-सांगलीकडच्या दुसऱ्या कुठल्या आईच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सहा महिने लेक फक्त अंगावर होता. तोवर काहीच नाही. मग पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, मऊ भात सुरू केला, तेही सोसलं. रव्याच्या खिरीचे दोन-तीन चमचे पोटात गेले आणि दहाएक मिनिटांत ओठांभोवती लाल गांधी उठल्या, त्या मानेपर्यंत पसरल्या, मग भडाभडा उलटी. आत्याबाईंनी आमसुलाचं पाणी अंगाला लावलं, दृष्ट काढली. तासाभरात सगळं उतरलं आणि पोरगं खेळायला लागलं. पुढच्या वेळी नुसत्या दुधात भात कुस्करला, तर तेच. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात सांगितलं गेलं, "दूध पचत नाही, निम्मं पाणी घालून द्या." पाणी घातलेल्या दुधानंही तेच झालं, आणि या वेळी उलटीबरोबर खोकलाही आला.

पचत नाही म्हणजे काय आणि ॲलर्जी म्हणजे काय, हा फरक मला नंतर नीट कळला. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचली नाही तर पोट फुगतं, गॅस होतो, जुलाब होतात. त्रास पोटापुरता राहतो आणि दूध किती प्यालं त्यावर ठरतो. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांना, केसीन आणि व्हे यांना, शत्रू समजते. मग अंगावर गांधी, सूज, उलटी, शिंका, खोकला, दम, काहीही होऊ शकतं, बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत, आणि चमचाभर दूधही पुरतं. पाणी घालून प्रथिनं जात नाहीत. काही बाळांना उशिरा होणारा प्रकारही असतो, शौचातून रक्त वगैरे, पण आमचा तो नव्हता.

तेव्हापासून मी वही घातली. काय खाल्लं, किती चमचे, कच्चं की उकळलेलं, खाल्ल्यापासून किती मिनिटांनी काय दिसलं, किती वेळ टिकलं, त्या दिवशी सर्दी-ताप होता का. आणि गांधी उठल्या की आधी मोबाईलवर फोटो, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत अंग स्वच्छ झालेलं असतं आणि मग आपण उगीच घाबरतो असं समोरच्याला वाटतं. पुण्याच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी पहिला अर्धा तास ती वहीच वाचली. "निम्मं निदान तुम्हीच करून आणलंय," असं त्या म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं ऐकतंय असं वाटलं.

पुण्याला जाण्याआधी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे एका ओळखीच्यांनी रक्त देऊन शंभरावर पदार्थांची यादी देणारी महागडी तपासणी सुचवली. मॅडमना, म्हणजे पुण्याच्या त्या डॉक्टरांना, फोनवर विचारलं तर त्यांनी ठाम नको म्हटलं. अशा तपासण्या बहुधा रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड मोजतात, आणि ते तर आपण जे रोज खातो त्याचंही सापडतं. अहवालात गहू, तूर, तांदूळ असं सगळं लाल अक्षरात येतं, आईबाप घाबरून सगळंच बंद करतात आणि पोर वाळत जातं. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे. भ्यालेल्या आईबापांच्या खिशात हात घालणं आहे हे.

दुसरी गोष्ट, मामंजींनी शेळी आणली. कुणाला न विचारता बाजारातून दोरी धरून चालवतच घेऊन आले. "शेळीचं दूध हलकं असतं पोरी, महात्मा गांधींनी प्यालेलं." त्यांच्या तोंडावरची आशा बघून मला नाही म्हणवेना, पण लेकाला देऊही दिलं नाही. म्हटलं, मामंजी, डॉक्टरांनाच विचारू. मॅडम म्हणाल्या, घरच्या म्हशीचं आणि शेळीचं, दोन्ही दूध तपासणीला घेऊन या. बाजारात मिळणारा तपासणीचा अर्क गायीच्या दुधाचा असतो, तुमच्या घरात येतं ते म्हशीचं.

मग पहाटे धार काढून मामंजींनी दोन छोट्या बाटल्या भरल्या, शेळीच्या बाटलीला लाल दोरा बांधला, दोन्ही बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि तो डबा पुण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. तपासणीआधी आठवडाभर ॲलर्जीचं औषध बंद ठेवायचं असतं, नाहीतर कातडी उत्तरच देत नाही. लेकाच्या हातावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एक थेंब ठेवला आणि थेंबातून हलकीशी टोच दिली. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथं काही उठता कामा नये. एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटतं त्या रसायनाचा, तिथं उठलंच पाहिजे. मग गायीचं दूध, आमच्या म्हशीचं, लाल दोऱ्याच्या बाटलीतलं, आणि मॅडमना गरज वाटली म्हणून अंडं. रक्त येत नाही, पोरगं टोचल्यापेक्षा हात धरून ठेवला म्हणून जास्त रडलं.

पंधरा मिनिटांनी पट्टी लावून मोजलं. मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध आली तर ती धरायची. अंड्यावर काही नाही. गाय, म्हैस आणि शेळी, तिन्ही ठिकाणी टरारून उठलेल्या. मामंजी वाकून त्या तिसऱ्या गांधीकडं बघत राहिले. मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आजोबा, या जनावरांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांसारखीच असतात. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचंही चालत नाही." त्यांनी फक्त मान हलवली. शेळी अजून आमच्याकडंच आहे, लेक तिला पाला घालतो.

मॅडमनी आणखी एक गोष्ट बजावली. गांध आली म्हणजे शरीरानं त्या पदार्थाची ओळख धरली आहे एवढंच कळतं. खाल्ल्यावर त्रास होतोच असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि गांध मोठी म्हणजे त्रास मोठा असंही नाही. वहीतली हकीगत आणि तपासणी एकमेकांना जुळली तरच निदान पक्कं. जुळत नसेल तर दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, थोडं थोडं खायला घालून बघतात. घरी तसला प्रयोग करायचा नाही. आमच्याबाबतीत जुळत होतं. रक्तातली दुधाची आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड मोजणारी, तपासणीही केली, पुढं दरवर्षी तुलना करायला.

घरी आल्यावर स्वयंपाकघराची बाजू आत्याबाईंनी उचलली, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. दूध, दही, ताक, लोणी, खवा, पनीर हे तर उघडच आहे. तुपावरून थोडी वादावादी झाली, कारण घरी लोणी कढवल्यावर खाली बेरी राहते आणि तुपात प्रथिनाचा अंश उतरतो. त्यांनी लेकासाठी तेलाची फोडणी वेगळी ठेवली. चमचा वेगळा, दुधाच्या हाताने पोराला भरवायचं नाही. आंबील आमच्याकडं ताकातलं असतं, त्याच्यासाठी त्या नाचणीचं आंबील लिंबू पिळून करतात. खीर नारळाच्या दुधातली. पांढरा रस्सा घरचा चालतो, बाहेरचा नाही, कारण काजू-खोबऱ्याच्या वाटणाबरोबर कुणी घट्टपणासाठी दूधही घालतं. कॅल्शियमची मला काळजी होती. त्या वयाला दिवसाला साधारण 500 मिलिग्रॅम लागतं आणि 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पण एवढंसं पोर तेवढी नाचणी खाणार थोडंच. म्हणून नाचणी, तीळ, राजगिरा आहेच, शिवाय डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब. वजन-उंचीची नोंद न चुकता.

पाकिटावरचं वाचायची सवय सगळ्या घराला लागली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, मासे असे ॲलर्जीचे पदार्थ पाकिटावर वेगळे सांगणं बंधनकारक आहे. बिस्किटात 'मिल्क सॉलिड्स', पावात दूध पावडर, चिप्सच्या मसाल्यात व्हे, कॉफीत घालायच्या पांढऱ्या पावडरीत सोडियम केसिनेट (दुधातल्याच केसीनचं), कुठं काय निघेल सांगता येत नाही. सुट्या मालाला पाकीटच नसतं. म्हणून बेकरीतलं सुटं काही आणायचंच नाही, असा नियम केला.

आणि तरी वाडीला व्हायचं ते झालं. नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो होतो. लेक मामंजींच्या खांद्यावर. मागून एका म्हाताऱ्या बाईंनी प्रेमानं प्रसादाच्या पेढ्याचा तुकडा त्याच्या तोंडात घातला. त्यांचा काय दोष? पाच मिनिटांत तो खोकायला लागला, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि मान टाकली. अंगावर गांधी फारशा नव्हत्याच. त्या नसल्या म्हणजे धोका नाही असं समजायचं नसतं, हे आमच्या कागदावर लिहिलेलं होतं.

तो कागद म्हणजे मॅडमनी दिलेला तातडीचा आराखडा. नुसत्या चार गांधी असतील तर ॲलर्जीचं सिरप देऊन लक्ष ठेवायचं. पण श्वास, आवाज, सतत खोकला, मलूल होणं, किंवा गांधींबरोबर उलट्या असं दोन ठिकाणी एकदम दिसलं, तर वाट न बघता ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. सिरपनं ही प्रतिक्रिया थांबत नाही. परदेशात तयार पेन मिळतं, आपल्याकडं ते सहज मिळत नाही, म्हणून अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची बंद कुपी, आणि एक मिलीची सिरिंज. मात्रा वजनावर, किलोमागं 0.01 मिलिग्रॅम, ती डॉक्टरच लिहून देतात आणि वजन वाढलं की बदलतात. मॅडमनी आम्हा दोघांकडून संत्र्यावर पाणी टोचून सराव करून घेतला होता. अँप्यूल फोडायची कशी, हवा काढायची कशी, सगळं.

ह्यांनी घाटाच्या पायरीवरच इंजेक्शन दिलं. मी लेकाला आडवं धरलं होतं, पाय वर. उभं करायचं नाही, कडेवर घेऊन पळायचं नाही. मला तेव्हा ह्यांच्या हाताच्या बोटांशिवाय काही दिसत नव्हतं. थोड्या वेळात आवाज सुटला, रडायला लागला. 108 ला फोन लावलेला होता. बरं वाटत असूनही दवाखान्यात गेलो आणि रात्रभर थांबलो, कारण काही तासांनी लक्षणं परत उलटू शकतात. सुदैवानं उलटली नाहीत.

त्यानंतर गावात समजावून सांगावं लागलं नाही. दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांना माहीत. बालवाडीच्या बाईंना मी आराखड्याची प्रत, लेकाचा फोटो, आमचे नंबर आणि औषधाची पिशवी दिली. त्यांनी स्वतःहून वाढदिवसाला चॉकलेट बंद करून राजगिऱ्याचे लाडू सुरू केले आणि डबा खाऊन झाल्यावर सगळ्या पोरांचे हात धुवून घ्यायला लागल्या. लेकाला आम्ही एकच वाक्य शिकवलंय, "आईला विचारून खातो." कुणी कितीही आग्रह केला तरी तो ते खणखणीत म्हणतो.

माझी जाऊ मध्ये गरोदर होती, तिनं भीतीनं दूध सोडलं होतं. मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं, बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून आईनं काही सोडायची गरज नाही, आणि सहा महिन्यांच्या सुमारास वरचं सुरू केल्यावर अंडं, शेंगदाण्याचा कूट उगीच लांबणीवर टाकू नका. तिच्या मुलीला सगळं चालतं.

दुधाची ॲलर्जी बऱ्याच मुलांची मोठं होता होता ओसरते, काहींची टिकते. आमच्या लेकाच्या आयजीईचा आकडा खाली आल्यावर मॅडमनी दवाखान्यातच दूध घालून नीट भाजलेल्या केकचा तुकडा थोडा थोडा देऊन बघितला. पिठात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजल्यावर दुधातल्या काही प्रथिनांचा आकार बदलतो आणि अनेक मुलांना तेवढं सोसतं. त्याला सोसलं. आता घरी ठरवून दिलेल्या मापाने तसला केक तो नियमानं खातो. दही, पेढा, उकळलेलं दूध अजून नाही. पुढची पायरी मॅडम ठरवतील आणि तीही दवाखान्यातच होईल. तोवर औषधाची पिशवी जिथं तो तिथं. उन्हाळ्यात ती गाडीच्या डिकीत ठेवत नाही, आणि दर महिन्याच्या एकादशीला मामंजी अँप्यूल उजेडात धरून बघतात, रंग पालटला नाही ना आणि मुदत संपली नाही ना.