जुने वायरिंग ठेवता आले नसते का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. एरवी हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षे चहाच्या घोटाबरोबर गिळत आलो आहे. गिटारच्या जुन्या अँप्लिफायरची चेसिस, म्हणजे त्याची धातूची चौकट, उलटी करून दाखवली, की बघणारा आधी आतल्या नव्या तारांकडे पाहतो आणि मग माझ्याकडे, जणू मी एखाद्या वाड्याचे सागवानी खांब काढून तिथे लोखंडी पाइप उभे केले आहेत. "एवढी जुनी वस्तू, मूळ वायरिंग ठेवता आले नसते का?" आजवर मी "तारा कुजल्या होत्या" असे सांगून वेळ मारून नेली. तारा कुजल्या नव्हत्या. कापडी आवरणाच्या त्या तारा पन्नास वर्षांनंतरही माझ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत होत्या.

अँप्लिफायर भाऊजींचा. जहाजावर नोकरीला असताना त्यांनी तो परदेशातल्या एका बंदरावर जुन्या बाजारातून घेतला होता: १९६०च्या दशकातला, अमेरिकन बनावटीचा, ११७ व्होल्टवर चालणारा, आणि एक १२एएक्स७, एक ६व्ही६ व एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचा ५वाय३ असे तीनच व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) असलेला. २०१५ मध्ये तो भाच्यासाठी माझ्याकडे दुरुस्तीला आला, तेव्हा आज तुम्ही जे म्हणता तेच मी म्हणत होतो, आणि तुमच्याहून अधिक तावातावाने. स्पीकरमधली गुणगुण १०० हर्ट्झची, म्हणजे आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट होती, म्हणजे रेक्टिफायरनंतरची वीज सपाट करणारे फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले होते. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या तारांतून आली असती तर ती ५० हर्ट्झची असती. तेवढे कपॅसिटर बदलले आणि बाकी कशालाही हात लावला नाही. दोन पिनचा प्लग तसाच राहू दिला. मेनच्या एका तारेतून चेसिसला जोडलेला ०.०४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटरही तसाच राहू दिला. त्या काळी गुणगुण कमी करण्यासाठी तो सर्रास लावला जाई आणि तो बिघडला की मेनचा दाब थेट चेसिसवर येतो म्हणून आज गिटारवाले त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही ठेवला, कारण तो मूळचा होता.

टेस्टर लावला तर चेसिसवर मंद उजेड दिसे. प्लग उलटा केला की तो विझे. "रिटर्न मारतोय, दुसरे काही नाही," असे मीच म्हणालो, आणि २३० व्होल्टचे ११० करणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरच्या प्लगची कोणती बाजू वर हवी हे कळावे म्हणून त्यावर ताईच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. सुरक्षिततेची माझी सारी व्यवस्था म्हणजे तो ठिपका.

२०१६च्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. बाहेर पाऊस कोसळत होता, दाराशी छत्र्या निथळत होत्या आणि फरशीवर पाणी आत आले होते. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा. गणपतीसमोर म्हणून अनवाणी. पहिली धून त्याने नुसती वाजवली. मध्येच एकदा त्याने हात पँटला पुसला, तो मी पाहिला आणि घाम असेल असे समजलो. दुसऱ्या वेळी तो गाण्यासाठी माइककडे वाकला. माइक मिक्सरला जोडलेला, मिक्सर तीन पिनच्या प्लगने अर्थिंगला. इकडे गिटारच्या तारा केबलमधून थेट अँप्लिफायरच्या चेसिसला. ओठ जाळीला लागले तशी स्पीकरमधून एकच जाड घुरघुर आली आणि त्याची मान मागे गेली, पण डावा हात गिटारच्या मानेवरून सुटेना. बोटे तारांवर आवळलेली आणि तो खाली कोसळतानाही गिटार हातातच. त्या हॉलमध्ये हे काय चालले आहे हे कळणारा एकटा मी होतो, स्विच कुठे आहे हेही मला माहीत होते, आणि मी तिसऱ्या रांगेत नुसता उभा राहिलो. प्रसादाची भांडी उचलणाऱ्या मावशींनी एक्स्टेंशनची वायर हिसडा देऊन भिंतीतून उपटली. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन.

खालचा ओठ भाजला, तीन बोटांवर तारांचे वळ उठले, आणि ईसीजी नीट असूनही त्याला एक रात्र रुग्णालयात ठेवावे लागले. बाहेरच्या बाकावर ताईने मला एकच विचारले, "तू तपासून दिला होतास ना?"

प्लगवरचा ठिपका खाली होता. तो प्लग मंडळातल्या एखाद्या मुलाने लावला की मीच, हे मला आजही आठवत नाही. त्या रात्री तो कपॅसिटर काढून मोजला. धडधाकट असता तर २३० व्होल्टवर त्यातून साडेतीन मिलिअँपिअरही गेले नसते, झिणझिण्या येऊन भागले असते. पण मीटरने त्याचा रोध जेमतेम साडेआठ हजार ओहम दाखवला, जिथे तो अनंत दाखवायला हवा होता. त्यात ट्रान्सफॉर्मर ऑटो जातीचा. त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी एक तार सामायिक असते, त्यामुळे प्लग उलटला की तीच तार २३० व्होल्टवर जाते. यंत्र ११० व्होल्टवर चालत होते आणि चेसिसवर मात्र घरातला पूर्ण दाब होता.

इथे तुम्ही म्हणाल, की मग तो कपॅसिटर काढायचा, तीन पिनचा प्लग लावायचा, चेसिसला पक्के अर्थिंग द्यायचे, झाले. बरोबर आहे. तेवढ्याने भागले असते आणि बाकीचा सांगाडा मूळचा राहिला असता. यावर माझ्याकडे एक खरे तांत्रिक उत्तर आहे: सगळे भाग ज्यावर बसवले होते तो मेण पाजलेला काळा फायबर बोर्ड ओल धरतो, आणि खाडीकाठच्या ठाण्यातल्या जुलैत तो निरोधक उरत नाही. बोर्डाच्या रिकाम्या जागी, जिथे तारही नव्हती, मीटर सात-आठ व्होल्ट दाखवत होता; हेअर ड्रायरने पाच मिनिटे शेकल्यावर आकडा एका व्होल्टखाली आला. पावसाळ्यात स्पीकरमधून येणारी चिरचिर त्याचीच होती. हे उत्तर खरे आहे, पण ते मला सापडले तेव्हा अर्ध्या तारा मी आधीच कापल्या होत्या. का कापल्या, तर त्या तारांकडे पाहवत नव्हते म्हणून. याला दुरुस्ती म्हणावे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

पुढचे काम सरळ होते. वागळे इस्टेटमधल्या एका वाइंडिंगवाल्याकडून २३० व्होल्टचा मेन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, भाग ग्लास-इपॉक्सीच्या बोर्डावर बसवले, फिलामेंटच्या तारा पीळ देऊन कोपऱ्यातून नेल्या, फ्यूज फेजच्या तारेवर आणला, आणि आत बिघाड असला तर प्रवाह रोखणाऱ्या ६० वॅटच्या सिरीज बल्बवर पहिल्यांदा चालू केले. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तेव्हा मी खाली बसलो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि गळती नसलेले कपलिंग कपॅसिटर मूळचेच आहेत, हे कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

भाचा आता स्वतः नोकरी करतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येऊन अर्धा तास वाजवतो. अर्थिंग मी त्याला मीटरने दाखवले आहे, तरी गिटार जोडण्याआधी तो चेसिसला पालथ्या हाताने एकदा स्पर्श करतो. मग वाजवतो, आणि म्हणतो, "मामा, आवाज पूर्वीसारखा नाही." नवा ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हच्या प्लेटला पंधरा व्होल्ट कमी देतो, एवढाच फरक आहे, त्याने कानाला कळण्याजोगे काही होत नाही, असे मी दरवेळी वहीतले आकडे काढून सांगतो. तो आकडे नीट ऐकून घेतो, तीच धून पुन्हा वाजवतो आणि नकारार्थी मान हलवतो.