खोली 1 वाजता, पोहे केव्हाही

इंदूरला आम्ही पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतो. आमच्याकडे चेक-आउट सकाळी 10, चेक-इन दुपारी 1. मधल्या वेळात मावशी चादरी बदलतात, बाथरूम घासतात. त्यात सूट नाही. पण मुंबईची अवंतिका एक्सप्रेस रात्रभर धावून सकाळीच इंदूरला टेकते आणि पाहुणा बॅगांसकट दारात उभा: "काकू, जरा पाठ टेकायला मिळेल का?"

खोली रिकामी असली तर देते, वर पैसे घेत नाही. नसली तर बॅगा जिन्याखाली, आंघोळीला मागची न्हाणी, आणि कोपऱ्यावर पोहे-जलेबी. वर जिरावण, म्हणजे इथला खास मसाला, भुरभुरून घ्या, असं आवर्जून सांगते. पुणेकर आधी नाक मुरडतात, मग दुसरी प्लेट मागवतात.

खरी पंचाईत महाकालवाल्यांची. भस्मारती पहाटे 4 ला, उज्जैन इथून साधारण 55 किलोमीटर. म्हणजे मंडळी रात्री येणार, मध्यरात्रीनंतर निघणार आणि म्हणणार, "झोपलोच कुठे? अर्धंच भाडं घ्या." अहो, चादर अर्धी धुता येते का? म्हणून बुकिंगच्या फोनवरच विचारते, आरतीला जाणार का? हो म्हटलं, की दुसऱ्या दिवशी गर्दी नसल्यास दुपारपर्यंत झोपू देते.

सराफ्यावाल्यांना, म्हणजे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाणाऱ्यांना, मात्र किल्लीच देऊन टाकते. ते भुट्ट्याचा कीस खाऊन दीड-दोनला परततात. आधार कार्ड संध्याकाळीच बघून रजिस्टर भरलेलं असतं. परदेशी पाहुणा असला तर त्याची माहिती 24 तासांत सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, ते काम मुलाकडे. फाटकाची कडी हळू लावा, एवढंच बजावते. तरी परवा एकाने रिक्षावाल्याला हॉर्न वाजवायला लावलाच.