आम्ही दुखणेकरी बायका जमतो तेव्हा

ठाण्यात, नौपाड्यात एका ताईंच्या घरी आम्ही काही जणी महिन्यातून दोनदा जमतो, शनिवारी दुपारी, जेवणं-बिवणं उरकून. ग्रुपला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष वगैरे कोणी नाही. ताईंचंच घर का, तर ते तळमजल्यावर आहे, दोन पायऱ्या चढल्या की आत. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नसते आणि आमच्यातल्या निम्म्या जणींना जिना म्हणजे शिक्षा. नेरूळच्या काकू सिडकोच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात, तिथेही लिफ्ट नाही, त्यामुळे त्या बहुतेक वेळा व्हिडिओ कॉलवरच असतात, फोन आम्ही साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो.

सगळ्यांचं दुखणं वेगळं आहे. कोणाला संधिवात आहे, म्हणजे म्हातारपणी गुडघे दुखतात तो नाही, रुमेटॉइड, जो ऐन पस्तिशीत बोटांना धरतो. एकीला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार), एकीचं मायग्रेन, एकीची कंबर ऑपरेशन होऊनही तशीच, आणि मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं. सारखं काय, तर आमचं दुखणं बरं होऊन विषय संपला असं होत नाही. डॉक्टरांच्या भाषेत तीन महिन्यांच्या वर राहिलेलं किंवा परत परत येणारं दुखणं म्हणजे क्रॉनिक पेन. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी असते, तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात क्रॉनिक पेनला स्वतःची जागा मिळाली. वेदनेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली आणि सोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलं की माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. मी हे ग्रुपमध्ये वाचून दाखवलं तर आमच्यातली एक शाळेत शिकवणारी आहे ती म्हणाली मला याची प्रिंट दे, रिपोर्टच्या फाइलमध्ये पहिलं पान म्हणून लावते.

मला ते फार पटलं, कारण आमचा निम्मा जीव पटवून देण्यातच जातो. माझं सांगते. फायब्रोमायल्जियात रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात, एक्सरे नॉर्मल, सूज दिसत नाही, चेहऱ्यावर काही नाही. दुखण्याचा निरोप वाहून नेणारी यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते, सोसायटीत एखादी गाडी असते ना जी बॉनेटवर मांजर बसलं तरी बोंबलायला लागते, तसं. पण हे समोरच्याला दिसणार कसं? ऑफिस ऐरोलीला, संध्याकाळी वाशी-ठाणे गाडीत लेडीज डब्यात उभं असताना पाठीत अशी कळ निघते की डोळ्यापुढे अंधारी येते, आणि तरीही "जरा बसू देता का" म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मी धडधाकट दिसते. दिव्यांगांच्या डब्यात चढायला कार्ड लागतं, आणि दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांच्यात नुसतं जुनाट दुखणं हा प्रकार नाही. घरी गेल्यावर तेच. काल तर बरी होतीस. रिपोर्ट चांगले आलेत ना मग. व्यायाम कर, वजन कमी कर, मोबाइल कमी बघ, विचार करू नकोस.

ग्रुपमध्ये हा सगळा भाग वजा होतो. आणि मला या पोस्टमध्ये हेच सांगायचंय, की विश्वास बसणं ही नुसती मनाला बरं वाटायची गोष्ट नाहीये. ज्या बाईला पटवून द्यावं लागत नाही तिच्याकडे दुसऱ्या गोष्टींसाठी वेळ आणि ताकद उरते. आमच्याकडे पहिल्या दहा मिनिटांत रडू येऊन जातं, आलं तर, आणि मग आम्ही कामाचं बोलायला लागतो. दिवस कसा रेटायचा, याचं.

उदाहरण सांगते. संधिवातवाली आहे तिने एकदा स्वयंपाकघरातच आम्हाला उभं केलं आणि बरणीचं झाकण उघडून दाखवलं. बोटांनी पकडून पिळायचं नाही, तळहात सपाट झाकणावर ठेवायचा, खाली ओलं फडकं म्हणजे बरणी सरकत नाही, आणि जोर खांद्यातून द्यायचा. कढई एका हाताने कानाला धरून उचलायची नाही, दोन्ही हात खाली घालून. भाजीची पिशवी बोटांत लटकवायची नाही, कोपराच्या आतल्या बाजूला. तिला हे ऑक्युपेशनल थेरपिस्टने शिकवलं होतं, मूळ मुद्दा एवढाच की बारीक सांध्यांचं काम मोठ्या सांध्यांवर ढकलायचं. मग गाडी कुकरवर आली. आत सरकवून फिरवायच्या झाकणाचा कुकर मनगटाचा जीव घेतो, वरून बसणाऱ्या झाकणाचा त्या मानाने सोपा. त्यावरून कणकेवर, कणकेवरून कपडे वाळत घालण्यावर, कारण हात डोक्याच्या वर गेला की दोघी-तिघींचा खांदा पेटतो, तर दोरीने खाली-वर होणारं छताचं स्टँड कोणाकडे आहे, खाली किती येतं, आणि ब्लाउजचे हुक पुढून घेतले तर टेलर नाक मुरडतो का. हे कुठलाही डॉक्टर तुम्हाला सांगणार नाही, त्याच्याकडे वेळ नाही आणि त्याने कणीक कधी मळलेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चांगल्या दिवसाचं काय करायचं. ऐकायला विचित्र वाटेल पण आमचा खरा घात चांगल्या दिवशीच होतो. सकाळी उठल्यावर अंग हलकं वाटलं की बाई माळे काढते, पडदे धुते, चकल्यांची भाजणी करायला घेते, कारण काय माहीत परत कधी जमेल, आणि पुढचे दोन दिवस आडवी. मग घरचे म्हणतात बघ, तुला झेपत नाही. याला इंग्रजीत पेसिंग म्हणतात ते शिकावं लागतं, म्हणजे बरं वाटत असतानाही थांबायचं आणि बरं वाटत नसतानाही थोडंसं हलायचं. वीस मिनिटं काम, मग बसणं, दुखायला लागायच्या आधी. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियासाठी ज्या शिफारशी छापल्या त्यात सगळ्यात ठाम शिफारस एकाच गोष्टीची होती, व्यायामाची. पण दुखऱ्या माणसाला नुसतं व्यायाम कर म्हटलं तर त्याला रागच येतो, मलाही यायचा. ग्रुपमधल्या एकीने फक्त एवढं म्हटलं की चल माझ्याबरोबर कचराळी तलावाला, एक फेरी मारू, आणि अर्ध्यात दुखलं तर बाकावर बसू, मी पण बसेन. आता आम्ही दोघी जातो. कधी फेरी पूर्ण होते, कधी नुसतं बसून येतो.

औषधांबद्दल मात्र आमचा नियम कडक आहे. माझी गोळी तू घेऊन बघ, असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. संधिवातवालीची एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तीच कोणी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या पेनकिलर महिनोन् महिने खाल्ल्या तर जठर आणि किडनी दोन्हीची वाट लागू शकते. आणि पुड्या. या पुड्यांबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. आमच्याकडे एक ताई यायला लागल्या, कळव्याच्या, त्यांना कोणीतरी बिननावाच्या पुड्या आणून दिल्या होत्या, लेबल नाही, काय घातलंय माहीत नाही, फक्त "एकदम नॅचरल आहे". दोन दिवसांत दुखणं गायब. त्या इतक्या खूश की आमच्यासाठीही घेऊन आल्या. पण त्यांचा चेहरा गोल फुगलेला दिसत होता आणि शुगर कधी नव्हती ती चढली होती. आमच्यातल्या एकीने आधी डॉक्टरांच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेतली होती, तिने चेहरा बघूनच विचारलं. अशा पुड्यांत स्टेरॉइड कालवलेली सापडतात, हे नवीन नाही. आम्ही त्यांना घाबरवलं नाही, पण सांगितलं की पुडीसकट डॉक्टरांकडे जा आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, कारण स्टेरॉइड अंगवळणी पडलेलं असेल तर अचानक थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांनीही तोच संशय घेतला. मग हळूहळू उतरवत आणलं. त्या काळात त्यांचं दुखणं दुप्पट होऊन परत आलं आणि त्या दर शनिवारी, म्हणजे आमचा नसलेला शनिवार असला तरी, कोणा ना कोणाकडे येऊन बसायच्या.

आमच्यातली सगळ्यात लहान आहे तिची गोष्ट वेगळी. पाळी आली की उलट्या, चक्कर, कॉलेजला दांडी, मग नोकरीत रजा. आईपासून सगळे म्हणायचे बायकांना होतंच, लग्न झालं की थांबेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात बाळंतपणाच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायका-मुलींना, म्हणजे १९ कोटींच्या आसपास, एंडोमेट्रिओसिस आहे, तरी निदान व्हायला वर्षं जातात. तिची साधी सोनोग्राफी नॉर्मल आली होती, पण सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणजे नाहीच असं या आजारात धरता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून तिचा अर्धा पानाचा कागद तयार केला. कधीपासून, पाळीच्या कुठल्या दिवशी, नेमकं कुठे, शौचाला जाताना दुखतं का, आत्तापर्यंत काय घेतलं आणि कशाने काही फरक पडला नाही. आणि शेवटी, हे काकूंनी व्हिडिओवरून सुचवलं, की या दुखण्यामुळे मी काय काय करू शकत नाही. नुसतं "खूप दुखतं" सांगितलं की डॉक्टर मान हलवतात, "महिन्यात तीन दिवस मला सरळ उभं राहता येत नाही" वाचल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला आणि तिला नीट विचारायला लागले. आता तिच्यावर उपचार चालू आहेत. तेव्हापासून आमच्याकडे कोणीही नवीन डॉक्टरकडे जाणार असेल की आदल्या बैठकीत तिचा कागद होतो.

एकदा एकीने नवऱ्याला आणलं. आम्हाला थोडं अवघडलं, तोही दाराजवळच्या खुर्चीत बसला. तासभर ऐकलं आणि शेवटी म्हणाला, हे सगळं ठीक आहे पण सकाळी मी नेमकं काय करू ते सांगा. मला हा प्रश्न अजून आवडतो. काकू फोनमधूनच म्हणाल्या, अहो तिचं आखडलेलं अंग सकाळी मोकळं व्हायला तासभर लागतो ना, तर तो तास तुमचा. पाणी तापवा, दूध घ्या, मुलांचे डबे भरा. आणि आज कसं वाटतंय हे दर दहा मिनिटांनी विचारू नका. तो ते करतो, असं ती सांगते.

हे टाइमपास आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. स्टॅनफर्डमध्ये केट लॉरिग यांनी जुनाट आजारांच्या लोकांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग उभा केला, आठवड्याला अडीच तास, आणि तो चालवणारे डॉक्टर नव्हते, स्वतः असे आजार घेऊन जगणारी साधी माणसं होती. तो पुढे बऱ्याच देशांत पोचला. म्हणजे दुखणाऱ्याने दुखणाऱ्याला शिकवायचं ही पद्धत अभ्यासलेली आहे. पण डॉक्टरांची जागा आम्ही घेत नाही आणि सगळं आम्हाला पेलतंही नाही. एकदा एकीने अगदी शांतपणे सांगितलं की सकाळी उठूच नये असं वाटतं, कायमचं. तेव्हा आम्ही "असं बोलू नकोस गं" म्हणून विषय बदलला नाही. तिला सरळ विचारलं की जीव द्यायचे विचार येतात का. हो म्हणाली. दोघी तिच्याबरोबर घरी गेल्या, बहिणीला बोलावून घेतलं, आणि टेलिमानसच्या १४४१६ नंबरवर तिला आम्ही बसूनच फोन लावून दिला. तो मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. दुखण्याबरोबर हे येतं, बऱ्याच जणींना येतं, आणि त्यावर वेगळे उपचार लागतात.

आता नेरूळच्या काकू त्यांच्या बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसमध्ये स्वतःचा ग्रुप सुरू करतायत, कारण तिथपर्यंत उतरायचं असलं तरी पुढे गाडी-रिक्षाची यातायात नाही, आणि शेजारच्याच दोन बायका निघाल्या ज्यांनी इतकी वर्षं एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. तुमच्या इथे कोणाला करायचं असेल तर अगदी तिघींवर सुरू होतं. पाठ असलेल्या खुर्च्या बघा, प्लास्टिकच्या स्टुलावर तास काढता येत नाही. एक गादी किंवा चटई ठेवा, जिला आडवं व्हायचं तिला बोलता बोलता होऊ दे. कोणी ऐन वेळी "आज जमत नाही" कळवलं तर का म्हणून विचारू नका. आणि चहा पाहुण्यांनी करायचा, जिच्या घरी जमलात तिने नाही.