पारोसा

"आई, अंघोळ सुरू केली की मला ती संपवताच येत नाही. म्हणून मी सुरूच करत नाही."

बाथरूमच्या दाराला टेकून लेक आज हे म्हणाला. केस तेलकट, अंगात कालचाच शर्ट. हात मात्र धुऊन धुऊन पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांवर भेगा.

त्याला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार मनात घुसत राहतात आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, असा मानसिक आजार. पण ओसीडी म्हणजे अतिस्वच्छता, असंच सगळे धरून चालतात. नातेवाईक तर तोंडावर विचारतात, "धुण्याचा आजार आहे म्हणता, मग हा असा पारोसा कसा?" अहो, साबण ठरलेल्या क्रमानेच लावायचा, मध्येच एखादा नको तो विचार आला की पुन्हा पहिल्यापासून. त्या शिक्षेपेक्षा घामट राहणं त्याला परवडतं. याला आळस म्हणू नका हो.

सध्या ईआरपी थेरपी चालू आहे. ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करायचं आणि त्यानंतरचा विधी, म्हणजे पुन्हा पुन्हा धुणं, टाळायचा. माझ्या वाट्याला आलेलं काम एकच: त्याने "नीट धुतलं ना गं?" विचारलं की "हो" म्हणायचं नाही. फार जड जातं. त्या "हो"ने त्याला घडीभर बरं वाटतं, पण आजार त्यावरच पोसला जातो.

१०० माणसांमागे १ ते ३ जणांना आयुष्यात कधीतरी ओसीडी होतो, आणि बऱ्याचदा सुरुवात याच शाळा-कॉलेजच्या वयात होते. वास येतो म्हणून वर्गात जे पोर एकटं बसतं, त्याला कुणी कधी मायेने विचारलंय का, बाथरूममध्ये तुझं नेमकं काय होतं?