तुम्ही विचारलंत म्हणून: नेरूळचं घर काढलं की ठेवलं?

नाशिकला येऊन तीन वर्षं झाली, तरी नेरूळचे शेजारी फोनवर हेच विचारतात. आता त्यांच्यातल्याच एकाची पुण्याला बदली झालीय, त्यामुळे पुढचा प्रश्नही येतो: ‘मग आम्ही काय करावं?’

आम्ही ठेवलं. हिशोब मात्र विकायलाच सांगत होता. दलालाने 1 कोटी 10 लाख भाव काढला होता आणि भाडं येणार होतं 26 हजार, म्हणजे वर्षाचे 3 लाख 12 हजार. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि मधला एखादा रिकामा महिना वजा केला, तर बँकेतली एफडी बरी. पण मुलगी कॉलेजला मुंबईत येईल, तेव्हा घर हाताशी हवं असं वाटलं. (ती गेली कोल्हापूरला.)

‘ओळखीतला मुलगा आहे, नोटरीवर भागवू,’ असं दलाल म्हणाला. भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरतात. ते खोटं ठरवायचं काम आपल्या गळ्यात.

सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, म्हणून मेंटेनन्सच्या निम्मी रक्कम लावली. 2001 च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. आदेशाची प्रत दिली. सेक्रेटरी चार दिवस बोलले नाहीत, बिल मात्र दुरुस्त झालं.

कागदाचं असं निभतं. पहिल्याच पावसाळ्यात वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या बेडरूममध्ये उतरलं. भाडेकरू दिवसभर ऑफिसात, मी नाशिकहून प्लंबरला फोन करतेय. शेवटी समोरच्या काकूंनी किल्ली घेऊन, दोन दुपारी तिथे उभं राहून काम करून घेतलं. त्या नसत्या तर मी त्याच महिन्यात घर काढलं असतं. म्हणून कुणी सल्ला मागितला की मी भाडं किती येईल ते विचारतच नाही. किल्ली कुणाकडे ठेवणार, एवढंच विचारते.

‘नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, आता कसलं विकता,’ असंही सांगतात. असेल. पण येत्या मे महिन्यात काकू मुलाकडे डोंबिवलीला कायमच्या राहायला चालल्यात. जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, भाडेपट्ट्यावरची. हस्तांतरण शुल्क किती पडेल ते विचारून ठेवलंय. घर 2006 चं, त्यामुळे भांडवली नफ्यावर 12.5 टक्के भरायचे की महागाईची वजावट घेऊन 20, ते सीए काढून देणार आहेत. दलालाला परवाच फोन केला.