पंखा वाजवून घेताना

मार्चमधल्या एका दुपारी, साउदम्प्टनजवळ हॅम्बल नदीकाठच्या यार्डात टेकूंवर उभ्या असलेल्या आमच्या जुन्या शिडाच्या बोटीखाली मी उकिडवा बसलो होतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तिच्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, टकटक करीत होतो. धड असलेला पंखा घंटेसारखा वाजतो आणि त्याचा नाद क्षणभर रेंगाळतो. आमचा नुसताच ‘थप्’ वाजला. पात्याची कड खरवडली, तर पिवळ्या धातूच्या जागी तांबूस गुलाबी झाक दिसली. खाऱ्या पाण्याने मिश्रधातूतले जस्त काढून नेले की असे होते. आकार शाबूत राहतो, पण पाते ठिसूळ होते. पंख्याऐवजी झिजावा म्हणून बसवलेला जस्ताचा तुकडा आम्ही दोन वर्षे बदललेला नव्हता, हे वेगळे सांगायला नकोच.

वस्तू वाजवून घेण्याची खोड मला आईकडून लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेली, की ती राशीतले एकेक मडके कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवीत असे आणि सहा-सात नापसंत करून पुन्हा पहिल्याकडे वळत असे. शेवटी एका विक्रेत्याने विचारले होते, ‘ताई, पाणी भरायचंय की भजनाला न्यायचंय?’ माठ मात्र त्याने तिला हवा तोच दिला.

पंखा हा शब्दही मी तिकडूनच आणला आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर प्रोपेलरला प्रोपेलर म्हणणारा माणूस मी लहानपणी पाहिला नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना वाळूवर ओढून ठेवलेल्या ट्रॉलरांखाली आम्ही मुले शिरत असू आणि ते भलेमोठे पंखे हाताने फिरवण्याची पैज लावत असू. त्या पंख्यांचे काम सरळ होते. इंजिन चालले की पंखा फिरायचा, आणि समुद्रात इंजिन जवळजवळ कायमच चालू असायचे.

शिडाच्या बोटीचा पंखा म्हणजे छत्री आहे. लागते तेव्हा ती लागतेच आणि उरलेला वेळ सांभाळत हिंडावे लागते. वारा भरून शिडे फुगली, की तीन पात्यांचा पक्का पंखा पाण्यात लोढण्यासारखा ओढत राहतो आणि मंद वाऱ्यात अर्धा-पाऊण नॉट (ताशी सागरी मैल) वेग सहज खातो. म्हणून घडीचे पंखे निघाले. बोट शिडावर असताना त्यांची पाती कळीसारखी मिटतात आणि पंख्याचा दांडा, म्हणजे आस, फिरू लागला की आपोआप उघडतात. मात्र घडीची छत्री उलट्या वाऱ्यात जशी दगा देते, तसा दोन पात्यांचा जुन्या पद्धतीचा घडीचा पंखा रिव्हर्समध्ये कच खातो. आणि धक्क्याला लागताना बोट थांबवायची असते ती रिव्हर्समध्येच. तिसरा प्रकार पाती फिरवून पाण्याला फक्त धार दाखवणारा. तो मागेही पुढच्याइतकाच ओढतो, पण त्याची किंमत पक्क्या पंख्याच्या कित्येक पट असते, आणि त्याला वेळोवेळी ग्रीस भरावे लागते, हे वाचून मी पान उलटले.

हा पेच जुनाच आहे. जवळच पोर्ट्समथला १८६० साली जलावतरण झालेली ‘वॉरियर’ ही युद्धनौका उभी आहे. शिडांवर जाताना तिचा २६ टनांचा पंखा चक्क वर ओढून जहाजात घेत, आणि त्यासाठी ६०० माणसे लागत. शिवाय धुराडीही दुर्बिणीसारखी खाली दडपत. आमच्या बोटीवर माणसे दोन आणि त्यांतल्या एकाची पाठ दुखते.

मग मी आकडेमोडीला बसलो. पंख्यावर १६ बाय ११ असे कोरलेले होते: व्यास १६ इंचांचा आणि पाणी घट्ट असते तर एका फेऱ्यात बोट ११ इंच पुढे गेली असती, हा पात्यांचा पीळ. आस मिनिटाला १३०० फेरे घेतो, म्हणजे हिशेबाने वेग जवळजवळ १२ नॉट व्हायला हवा. प्रत्यक्षात बोट सहाने चालते. निम्मे फेरे पाण्यातच निसटतात, आणि जड बोटींच्या बाबतीत यात काही गैर नाही, असे जाणकार सांगतात. आकार चुकला की नाही हे इंजिनच सांगते: पूर्ण थ्रॉटल देऊनही त्याने ठरलेले फेरे गाठले नाहीत आणि काळा धूर सोडला, तर पात्यांचा पीळ जास्त झाला असे समजावे.

एवढे सगळे करून शेवटी मी साधा, पक्का, दोन पात्यांचा पंखा मागवला. आमच्या बोटीचा तळाखालचा कणा लांब, जुन्या घडणीचा आहे. दोन्ही पाती उभी करून थांबवली, की ती कण्याच्या आडोशाला लपतात आणि पाण्याला फारशी दिसत नाहीत. पाती उभी आहेत की आडवी, हे आत बसून कळावे म्हणून आसावर खूण करावी लागते. नवा पंखा आला तेव्हा मी आधी तो वाजवून पाहिला. मग पत्नीच्या ड्रॉवरमधली लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन इंजिनखालच्या अरुंद जागेत पालथा पडलो आणि आसावर नीट ठिपका दिला. बाटली अजून तिथेच, पान्यांच्या डब्यात आहे. पत्नीने अद्याप विचारलेले नाही.