आधी आयक, मंग हात लाव

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हाती पडलं आणि पहिले आठवले ते आपले विज्ञानाचे सर. त्यामुळे हे मनोगत त्यांच्यावरच जाणार, बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

१५ ऑगस्टला कर्ण्यातून सारखं घूंऽऽ यायचं, ते बॅचमधल्यांना आठवत असेल. शिपाईकाका नुसतं बटण कमी-जास्त करत होते. सरांनी कान दिला, मग माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरची पिन ऑफिसच्या बोर्डातून काढून अ‍ॅम्प्लिफायरच्याच बोर्डात खोचली. घूं बंद. "आधी आयक, मंग हात लाव," एवढंच बोलले. कारण काय, तर दोन जागचं अर्थिंग आणि मधल्या वायरवरच्या धातूच्या जाळीतून फिरणारा करंट, बस.

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं उतरतात ना, तसल्या छोट्या विमानांच्या हेडफोनमधल्या नको त्या आवाजाचं मूळ शोधताना हेच सूत्र लागतं. आधी ऐकायचं. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी असेल तर संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर. जमिनीवर इंजिन चालू ठेवून मास्टर स्विचचा अल्टरनेटरकडचा अर्धा भाग बंद करा. शिट्टी गेली तर चोर सापडला. मग बॅटरीच्या टोकांवर मीटर एसी रेंजवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर अल्टरनेटरमधल्या, एसीचं डीसी करणाऱ्या सहापैकी एखादा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. फेऱ्यांबरोबर वेग धरणारी टिकटिक मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाच्या प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची; ते दोन असतात. डावा-उजवा आळीपाळीने बंद केला की कोणता ते कळतं. तिथे पी-लीडची, म्हणजे मॅग्नेटो बंद करणाऱ्या वायरची जाळी तुटलेली किंवा तिचं टोक सैल निघतं. चढत जाऊन दिव्याच्या लखलखाटासरशी तुटणारी कुईं स्ट्रोबच्या, म्हणजे विमानाच्या लखलखत्या दिव्याच्या पॉवर सप्लायची. आणि हल्ली निम्म्या तक्रारी लायटरच्या भोकात खोचलेल्या स्वस्त मोबाइल चार्जरच्या असतात. तो आधी उपटा, मग पॅनेल खोला!

आवाज रेडिओचं बटण फिरवून कमी होतो का, हेही बघायचं. होत नसेल तर तो बटणाच्या पुढे, ऑडिओच्या वायरिंगमध्ये शिरतोय. होत असेल तर अँटेनाची केबल काढून ऐका. थांबला तर तो हवेतून येतोय. अँटेना काढलेली असताना प्रेस-टू-टॉक, म्हणजे बोलायचं बटण मात्र दाबू नका, ट्रान्समीटर जाईल.

खरी गंमत जॅकमध्ये, म्हणजे हेडफोन-मायकची पिन खोचायच्या भोकात आहे. अल्टरनेटरचा करंट विमानाच्या पत्र्यातूनच परततो. इंजिन आणि फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची आगरोधक भिंत, यांच्यामधली तांब्याची विणलेली पट्टी गंजली, जोडाचा रोध १० मिलिओहम झाला, तर २० अँपिअरला तिथे २०० मिलिव्होल्ट पडतात. मायकचा सिग्नलही साधारण तेवढ्याच पट्टीतला! म्हणून हेडफोन आणि मायकचे जॅक पत्र्याला टेकता कामा नयेत. प्रत्येक जॅकला फायबरचे दोन वॉशर हवेत, एक काठाचा, एक सपाट. वायरची जाळी अर्थ करायची ती एकाच टोकाला, ऑडिओ पॅनेलपाशी. तपासताना पॅनेलकडचं टोक सोडवायचं आणि जॅकची बाहेरची कडी ते पत्रा असा मीटर धरायचा. काटा हलला, म्हणजे दोन्हींत जोड दिसला, तर वॉशर फुटलाय किंवा कोणीतरी घाईत विसरलाय.

लोक मात्र आधी आवाज गाळणारा फिल्टर आणून लावतात. मला ते पटत नाही. मूळ तसंच राहतं, वर वजन वाढतं. शिवाय विमानाला काही नवं जोडायचं तर मंजूर कागद आणि परवानाधारक इंजिनिअरची सही लागते, ते वेगळंच.

परवा शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेची संगणक खोली झाली आहे. चांगलंच आहे, पण सोल्डरच्या धुराचा वास नाही, याची चुटपुट लागली. सरांचा तो काट्याचा मीटर मागच्या कपाटात अजून असेल तर मोडीत काढू नका. जॅकचा वॉशर फुटलाय का, एवढं सांगायला त्याचा काटा आजही पुरतो.